डिसेंबर घरातच काढायचाय ना, मग हे आत्ताच वाच

अरे,

तुझा मेसेज वाचला. तिकिटाचे आकडे बघून यंदा घरी जायचं कॅन्सल केलंस, एक फ्लॅटमेट आईबाबांकडे चाललाय, दुसरा पॅरिसला, आणि तू विचारतोयस की "ताई, मी महिनाभर या फ्लॅटमध्ये करू काय?" व्हॉट्सअॅपवर तीन ओळींत उत्तर देऊन टाकलं असतं, पण ते तू अंगठा दाखवून विसरला असतास, म्हणून नीट बसून लिहितेय. चहा टाक आणि वाच.

तू ज्याला "काहीच नसलेला महिना" म्हणतोयस ना, तो इथला, म्हणजे पूर्व जर्मनीतल्या आपल्या केमनिट्समधला सगळ्यात गडबडीचा महिना असतो बरं का. फक्त ही गडबड जिन्यात, किचनमध्ये, खिडक्यांत चालते, आणि आपल्याला सणाला ढोल ऐकायची सवय असल्यामुळे पहिल्या वर्षी ती कळतच नाही. आपल्याकडे सण माणसाला घरातून ओढून बाहेर काढतो, इथला सण दार लावून घेतो. त्यामुळे कोणीतरी बोलवेल, मग जाऊ, असं म्हणत बसलास तर फेब्रुवारीची परीक्षा येईल पण बोलावणं येणार नाही. तुझं स्वतःचं घर चालू ठेव, काहीतरी शिजव, आणि ताटली घेऊन तूच शेजारची बेल वाजव. माझा सगळा सल्ला एवढाच आहे, पुढचं सगळं ते कसं करायचं याचं आहे.

आधी उजेडाचं बोलू. एकवीस डिसेंबरच्या आसपास इथे सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी चारच्या सुमाराला गायब, म्हणजे धड आठ तासही नाहीत, आणि त्यातही बऱ्याचदा ढगच. सुट्टी लागली की तू रात्री तीनला झोपून दुपारी एकला उठणार, मला माहितीये, सगळे तेच करतात, आणि मग हातात राहतो तीन तासांचा दिवस. दोन आठवडे असं काढलंस ना की माणूस उगाच रडका होतो, आणि त्याला वाटतं आपल्याला घरची आठवण येतेय. येतही असेल, पण निम्मं तरी ऊन न मिळाल्याचं असतं. तेव्हा काहीही झालं तरी दुपारी बारा ते दोनमध्ये एकदा बाहेर चक्कर, पाऊस असला तरी, जॅकेट घालून, ब्रेड आणायच्या निमित्ताने का होईना.

आणि खिडकीत दिवा लाव. हे मी भावुक होऊन सांगत नाहीये, तू ज्या भागात राहतोयस तिथली ही पद्धतच आहे. केमनिट्सच्या दक्षिणेला तो एर्त्सगेबिर्ग डोंगर सुरू होतो ना, तिथे शेकडो वर्षं चांदीच्या आणि कथिलाच्या खाणी होत्या (२०१९ मध्ये तो सगळा भाग युनेस्कोच्या यादीत गेला). खाणकामगार हिवाळ्यात पहाटे अंधारात खाली उतरायचा आणि अंधार पडल्यावर वर यायचा, दिवसचा दिवस सूर्य बघायला मिळायचा नाही. त्यामुळे या लोकांना उजेडाचं जे वेड आहे ते दुसऱ्या कुठल्या भागात मी बघितलं नाही. पहिल्या आडव्हेंटला, म्हणजे ख्रिसमसच्या आधीच्या चार रविवारांतला पहिला, त्या संध्याकाळी नुसती आपल्या गल्लीतून चक्कर मार. प्रत्येक खिडकीत लाकडी अर्धगोल कमान आणि तिच्यावर दिव्यांची रांग दिसेल, तिला श्विबबोगन म्हणतात. काही घरांत खिडकीत लाकडी देवदूत आणि लाकडी खाणकामगार हातात मेणबत्त्या धरून उभे असतात, जुन्या रिवाजाप्रमाणे घरातल्या प्रत्येक मुलीमागे एक देवदूत आणि प्रत्येक मुलामागे एक खाणकामगार. म्हणजे रस्त्यावरून जाता जाता कळायचं या घरात किती पोरं आहेत ते! डोंगरातल्या बऱ्याच घरांत हे दिवे दोन फेब्रुवारीपर्यंत तसेच असतात.

झायफन गावात हाताने बनवलेली कमान घ्यायला गेलास तर किंमत बघून परत येशील, ती आत्ता घ्यायची गरजही नाही. जुन्या वस्तूंच्या बाजारात वापरलेली स्वस्तात मिळते. नाहीतर दिवाळीची तुझी एलईडी माळ आहे ना, ती काढून ठेवू नकोस, तीच खिडकीला लाव. आपली दिवाळी संपल्यावर माळ उतरवायची आणि शेजाऱ्यांची काही आठवड्यांत चढायची हा प्रकार मला पहिल्यापासून गमतीचा वाटतो, आमच्याकडे ती मधे उतरतच नाही.

आता जरा रूक्ष विषय, पण हा चुकवलास तर जानेवारीत घरमालकाची मेल येईल. हीटर आणि बुरशी. महिनाभर घरात बसणार म्हणजे महिनाभर घरात श्वास घेणार, भात लावणार, डाळ उकळणार, कपडे वाळत घालणार, आणि ही सगळी वाफ जाऊन बसते बाहेरच्या बाजूच्या गार भिंतीवर, बहुतेक वेळा नेमकी कपाटाच्या मागे जिथे तू बघत नाहीस. त्यामुळे कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडक्या सताड उघडायच्या, पाच मिनिटं, आणि परत बंद. थंडी वाजते म्हणून खिडकी दिवसभर वरून जरा किलकिली ठेवतात ना लोक, ते सगळ्यात वाईट, भिंती गार होतात आणि हवा काही बदलत नाही. हीटरच्या नॉबवर तीनचा आकडा म्हणजे साधारण वीस डिग्री. पाचवर फिरवल्याने खोली लवकर गरम होत नाही, ती फक्त नंतर भट्टी होते. आणि बाहेर गेलास तरी पूर्ण शून्यावर टाकू नकोस, भिंती गार पडल्या की पुन्हा तापवायला जास्त जातं आणि बुरशीलाही तेच हवं असतं. हीटिंगच्या हिशोबाचा कागद पुढच्या वर्षी येतो, तेव्हा कोण किती दिवस घरात होतं हे कोणालाच आठवत नाही, म्हणून दोघं फ्लॅटमेट निघायच्या आधीच त्यांच्याशी बोलून ठेव की महिनाभर घरात मी एकटाच आहे, बिल कसं वाटायचं. हे नंतर बोलायला अवघड जातं.

अजून एक, जिन्यात खाली नोटीसबोर्डवर इमर्जन्सीचा नंबर लावलेला असतो, हीटिंग बंद पडलं, नळ फुटला तर फोन करायचा. त्याचा आजच फोटो काढून ठेव. आमच्या बिल्डिंगचं हीटिंग एकदा बरोबर सव्वीस डिसेंबरला सकाळी गेलं, बाहेर उणे सात, ऑफिसं सगळी बंद. पण त्या दिवशी जी मजा झाली ती सांगायलाच हवी, म्हणजे तेव्हा मजा नव्हती, पण मेकॅनिक येईपर्यंत अख्खी बिल्डिंग तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात जमली कारण त्यांच्याकडे लाकडाची शेगडी होती. मी मोठं पातेलंभर आल्याचा चहा केला, कोणी केक आणला, एका आजोबांनी घरी केलेली दारू काढली, आणि ज्या माणसांशी माझं तोवर फक्त "हॅलो" एवढंच होतं त्यांच्या पोराबाळांची नावं मला त्या दुपारी कळली. तेव्हापासून आमच्या जिन्यात माझ्याशी कोणी नुसतं मान हलवून जात नाही.

आता शेजाऱ्यांचंच. तुला वाटतं जर्मन लोक बोलत नाहीत. बोलतात, त्यांना निमित्त लागतं, आणि डिसेंबर म्हणजे निमित्तांचा पाऊस आहे. सगळ्यात सोपं निमित्त पार्सल. हा महिना सगळं जग ऑनलाइन मागवतं आणि दिवसा घरी कोणी नसतं, तू असणार. डिलिव्हरीवाला तुझीच बेल वाजवणार, घेशील का म्हणून विचारणार. घे. सगळी घे. संध्याकाळी एकेक जण तुझ्या दारात येतो, थँक्यू म्हणतो, दोन वाक्यं बोलतो, आणि आठवड्याभरात तू त्या बिल्डिंगमधला सगळ्यात ओळखीचा माणूस होतोस, काहीही न करता. वयाने मोठ्या माणसाला बेलवरचं आडनाव वाचून फ्राउ अमुक, हेर तमुक (म्हणजे श्रीमती, श्री) असंच म्हण, आपणहून एकेरीवर जाऊ नकोस, ते म्हणतील तेव्हा.

पार्सलवरून आठवलं, आईला आत्ताच सांग की पेढे, खव्याच्या वड्या, तुपाचा डबा असलं काही पोस्टाने पाठवू नकोस, युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे पदार्थ खासगी पार्सलमधून आणायला बंदी आहे, कस्टममध्ये अडकतं आणि फेकून देतात, आणि तिला ते कळलं की वाईट तिलाच वाटणार. चिवडा, चकली, मेतकूट, चटण्या चालतात. गिफ्ट म्हणून ४५ युरोपर्यंत ड्यूटी लागत नाही, पण आत काय आहे आणि किंमत किती ते कागदावर खरं लिहायला सांग, आपल्याकडे कुरियरवाला सगळ्यालाच "सॅम्पल" लिहून मोकळा होतो.

पाच तारखेच्या रात्री बूट घासून दाराबाहेर ठेवायचे, सहाला सकाळी संत निकोलाउस त्यात काहीतरी टाकून गेलेला असतो. हे लहान मुलांचं आहे, पण तू उलटं कर. तुझ्या मजल्यावर पोरं असतील तर त्यांच्या बुटात रात्री गुपचूप एकेक संत्रं आणि राजगिऱ्याची वडी टाक, कागदात गुंडाळून, वर नाव लिहून. नाव नक्की लिही, नाहीतर आईबाप घाबरतात की हे काय आणि कोणी ठेवलं.

मग बेकिंग. प्रत्येक घरात या महिन्यात डब्यावर डबे प्लेट्सशेन होतात, छोटी बिस्किटं, चंद्रकोरीची व्हॅनिलाची, दालचिनीच्या चांदण्या, आणि ती एकमेकांना द्यायची असतात. तुला ती करता येत नाहीत आणि शिकायच्या फंदातही पडू नकोस, तुला जे येतं ते कर. शंकरपाळे कर, तेवढे तर येतात ना? मी एका वर्षी करंज्या केल्या आणि वरच्या आजींना नेऊन दिल्या, त्यांना भारी आश्चर्य वाटलं की हा ख्रिसमसचा पदार्थ भारतातही आहे का. मी म्हटलं आहे की, आमच्या शेजारी गोव्यात नाताळाला याच करंज्या नेवऱ्या म्हणून होतात, दोदोल होतो, बेबिंका होतो, आणि ताटं भरून शेजारीपाजारी वाटतात, हिंदू शेजाऱ्यांकडेसुद्धा. आजी खूश. चार दिवसांनी माझी ताटली परत आली ती भरलेली. आपल्याकडे रिकामं भांडं परत करत नाहीत तसं त्याही करत नाहीत, कोणी शिकवलं त्यांना देव जाणे. त्यांच्या त्या मसाल्याच्या लेबकुखनमध्ये वेलची, लवंग, दालचिनी, जायफळ असतं, खाल्लंस की घरची आठवण येईल, पण त्यांना ते म्हणजे अस्सल जर्मन वाटतं. वाटू दे, वाद घालू नकोस.

श्टोलन, म्हणजे नाताळचा सुक्यामेव्याचा केकसारखा पाव, मात्र विकतचा आण आणि चांगला आण. ड्रेस्डेन आपल्यापासून जवळच, तिथला नाताळबाजार १४३४ पासून भरतो आणि श्टोलन ही त्यांची जीव की प्राण गोष्ट. पूर्वी आडव्हेंट म्हणजे उपासाचा काळ असायचा, लोणी चालायचं नाही, त्यामुळे श्टोलन तेलात करायचे आणि तो म्हणे अगदीच बेचव लागायचा. शेवटी इथल्या राजघराण्याने थेट पोपला साकडं घातलं आणि १४९१ मध्ये पोप आठव्या इनोसंटने लोणी वापरायची परवानगी दिली, फुकट नाही, पैसे घेऊन. उपासाच्या नियमातून खाण्याची वाट काढणारे आपणच एकटे नाही, साबुदाण्याचं थालीपीठ खाताना हे लक्षात ठेव. आणि श्टोलन टोकाकडून कापू नकोस, मधे कापायचा, हवे तेवढे काप घ्यायचे आणि दोन्ही अर्धे परत एकमेकांना चिकटवून गुंडाळून ठेवायचे, म्हणजे वाळत नाही, महिनाभर पुरतो.

फोडणीचं एक सांगते. बेडरूममध्ये आणि पॅसेजमध्ये छताला जो पांढरा गोल डबा आहे तो स्मोक अलार्म, कायद्याने लागतो, त्याला हात लावायचा नाही. मिरची-कढीपत्त्याची फोडणी देताना किचनचं दार लावून घे, खिडकी उघड, एक्झॉस्ट असेल तर फुल. आपल्याकडच्या एका पोराने अलार्म वाजतो म्हणून काढून कपाटात ठेवला होता आणि आडव्हेंटच्या माळेतली (पाइनच्या फांद्यांची, चार मेणबत्त्या लावलेली गोल माळ) मेणबत्ती विझवायची विसरून झोपला. टेबल जळालं, निभावलं, पण निभावलं ते नशिबाने. त्या पाइनच्या फांद्या दोन आठवड्यांत कोरड्या ठणठणीत होतात आणि मग भसकन पेटतात. खोलीतून उठलास की मेणबत्ती विझव, फोन घ्यायला उठलास तरी. हो, आणि मिक्सर रात्री दहानंतर नको.

ती चार मेणबत्त्यांची माळ मात्र कर, महाग नाही. दर रविवारी एक वाढवायची. हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विखर्न नावाचे पाद्री गरीब मुलांचं वसतिगृह चालवायचे, पोरं रोज विचारून भंडावून सोडायची की ख्रिसमस कधी, म्हणून त्यांनी १८३९ मध्ये गाडीचं जुनं चाक टांगलं आणि त्यावर रविवारच्या मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांच्या छोट्या लाल मेणबत्त्या लावल्या, रोज एक पेटवायची. घरापासून लांब असलेल्या पोरांना दिवस मोजता यावेत म्हणून केलेली ही गोष्ट, त्यामुळे ती तुझ्यासाठी पण आहे. चार रविवार, चार वेळा कोणाला तरी चहाला बोलाव. दुपारी चारला, अंधार पडतानाच. चहा, शंकरपाळे, तासभर. जेवणाचा घाट घालू नकोस, जेवण म्हटलं की तूच कंटाळशील. लॅबमधला तो चिनी मुलगा, तुझ्याबरोबर जर्मनच्या क्लासला असते ती कोलंबियाची मुलगी, हे सगळे पण घरातच बसलेत रे, सगळे हाच विचार करतायत की आपल्याला कोणी बोलवत नाही.

मार्गशीर्षाचे गुरुवार याच दिवसांत येतात आणि आई विचारणार, तू काही करतोस की नाही. मी तुला कर पण म्हणत नाही आणि नको पण म्हणत नाही, तुझं तू बघ. पण फोनची वेळ सांगते. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो, तू रात्री जेवून निवांत फोन लावतोस तेव्हा तिकडे मध्यरात्र झालेली असते, ती पेंगत बोलते आणि तुला वाटतं तिला आता आपलं काही राहिलं नाही. दुपारी दोनला कर. तिकडे साडेसहा, दिवा लावून झालेला असतो, घरात सगळे असतात, मागे कुकरची शिट्टी, शेजारच्या काकू, सगळं ऐकू येतं. आणि तिला काहीतरी विचार, रेसिपी विचार. "बरा आहेस ना, जेवलास ना" यात दोघांचाही जीव रमत नाही.

नाताळबाजारात जा, पण एकदाच जा आणि संध्याकाळी गर्दीत नको, आठवड्यातल्या दुपारी. ग्लूवाइनच्या (मसाले घातलेल्या गरम वाइनच्या) कपाचं डिपॉझिट घेतात, कप परत दिला की पैसे परत. दारू नको असेल तर तेच मुलांसाठीचं बिनदारूचं असतं, लाजायचं काही कारण नाही. आणि एक दिवस डोंगरात जा, चौथ्या आडव्हेंटला आनाबेर्ग-बुखहोल्त्सला खाणकामगारांची मोठी परेड असते, जुन्या गणवेशात, बँडसकट, आणि आता त्यातल्या बहुतेकांनी खाण आतून पाहिलीय ती टुरिस्ट म्हणूनच, तरी ज्या ताठ मानेने चालतात ना ते बघण्यासारखं असतं. ट्रेनने जा, आत थर्मल घाल, पायात दोन मोजे. एवढं बाहेरचं पुरे.

आता चोवीस तारीख, हिच्याबद्दल जरा जास्त लिहिते कारण पहिल्या वर्षी सगळे इथेच आपटतात. चोवीसला दुकानं जास्तीत जास्त दुपारी दोनपर्यंत, बरीचशी त्याच्या आधीच. पंचवीस आणि सव्वीस दोन्ही सरकारी सुट्ट्या, सगळं बंद, आणि त्याला जोडून रविवार आला की सलग तीन दिवस. मेन्सा (युनिव्हर्सिटीचं कँटीन) बंद, लायब्ररी बंद. तेव्हा बावीसलाच दूध, कांदे-बटाटे, ब्रेड, क्रोसिनसारखी गोळी, टॉयलेट पेपर, सगळं भरून ठेव. चोवीसच्या संध्याकाळी पाचनंतर बाहेर पडलास तर अख्खं शहर कोणीतरी बंद करून किल्ली घेऊन गेल्यासारखं वाटतं, ट्रॅम रिकाम्या, रस्त्यावर माणूस नाही, फक्त खिडक्या पिवळ्या. त्या वेळी एकट्याने रस्त्यावर फिरू नकोस, म्हणजे भीती काही नाही, पण जीव खाली जातो.

त्या दिवशी दुपारी वाटलं तर चर्चमध्ये जाऊन बस. पूर्व जर्मनीत बहुसंख्य लोक चर्चचे सभासदही नाहीत, पण चोवीसला त्यातले कितीतरी जण जातात, पोरं गोठ्यातल्या जन्माचं नाटक करतात, एखादा मेंढपाळ आपली वाक्यं विसरतो, सगळे हसतात, शेवटी दिवे घालवून गाणं होतं. तुला कोणी काही विचारत नाही, तू कोण, कुठला, धर्म काय. मागच्या बाकावर बसायचं.

आणि संध्याकाळी जेवण. बऱ्याच जर्मन घरांत या रात्री साधं बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज, बदक-हंस वगैरे दुसऱ्या दिवशी. पण आपल्या एर्त्सगेबिर्गमध्ये नॉयनरलाय असतं, ताटात नऊ पदार्थ, आणि प्रत्येकाला काही ना काही कारण. बटाट्याचे मोठे गोळे म्हणजे मोठा पैसा यावा म्हणून, मसूर म्हणजे सुटे पैसे खिशातून संपू नयेत म्हणून, आंबवलेला कोबी म्हणजे वर्ष आंबट जाऊ नये म्हणून. नऊ कुठले ते घरागणिक बदलतं. ताटाखाली नाणं ठेवतात. जेवताना मधे उठायचं नाही, वाढणारी सोडून. आणि कितीतरी घरांत एक ताट जास्तीचं मांडतात, अचानक कोणी आलं तर.

मी इथे आल्यावर पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला फार आपलंसं वाटलं, कारण आपणही ताटात डावी-उजवी बाजू आणि काय कुठे वाढायचं यावर किती जीव टाकतो. तर तू तुझं नॉयनरलाय कर. नऊ पदार्थ म्हटल्यावर घाबरू नकोस, वरण, भात, बटाट्याची भाजी, मसुराची आमटी, कोशिंबीर, लोणचं, पापड, चटणी, शिरा, झाले की नऊ! मीठ-लिंबू तर धरलंच नाही. दुपारपासून निवांत करत बस, गाणी लाव, आईला व्हिडिओवर ठेव किचनमध्ये. ताट दोन मांड. शेजारी जो कोणी एकटा आहे, आणि प्रत्येक बिल्डिंगमध्ये कोणीतरी असतंच, त्याला आदल्या आठवड्यातच विचारून ठेव, आयत्या वेळी विचारलेलं इथे चालत नाही. नाही म्हणाला तर नाही, ताटली झाकून दारात नेऊन दे. हो म्हणाला तर आमटी तिखट करू नकोस.

हे सगळं करूनही एखादी रात्र वाईट जाईल. जाते. तेव्हा मला फोन कर, वेळ बघू नकोस. मी नाही उचलला तर टेलिफोनझेलझोर्गे म्हणून हेल्पलाइन आहे, १९५६ मध्ये बर्लिनमध्ये सुरू झाली, चोवीस तास, फुकट, नाव सांगावं लागत नाही, नंबर ०८०० १११ ० १११. तुझं जर्मन मोडकं आहे म्हणून काही अडत नाही, तो फोन करायला कोणी व्याकरण तपासत नाही. ताप-बिप आला आणि डॉक्टर सुट्टीवर असेल तर ११६११७, आणि खरोखरच जीवावरचं असेल तर ११२. तिन्ही नंबर फोनमध्ये टाक, आत्ता, हे वाचतानाच.

सत्तावीस ते एकतीस हे दिवस इथे कोणी मोजतच नाही, ऑफिसं अर्धी झोपलेली, कोणी मेलला उत्तर देत नाही. तुझ्यासाठी ते सोनं आहे, फेब्रुवारीच्या परीक्षेचा अवघड पेपर तेव्हा सकाळी दोन तास, फक्त दोन, आणि मग बंद. आणि काम मिळतंय म्हणून सगळी सुट्टी गोडाऊनमध्ये घालवू नकोस, स्टुडंट व्हिसावर वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस मिळतात, ते कधी वापरायचे याचा कागदावर हिशोब कर, नुसता अंदाज नको.

एकतीसबद्दल फार काही नाही. रॅकलेटचं मशीन, म्हणजे टेबलावर चीज वितळवायची शेगडी, कोणाकडे तरी असतंच, त्यावर चीजऐवजी पनीर पण मस्त भाजलं जातं. फटाके २९ पासून मिळतात, तुझ्या मित्रांना चेक बॉर्डरवरून स्वस्तातले आणायची खुमखुमी येईल, इथून बॉर्डर जवळ पडते ना, तर त्या फंदात अजिबात पडू नकोस, त्यातले बरेचसे इथे बेकायदा आहेत आणि दरवर्षी कोणाची तरी बोटं जातात. बारा वाजता खिडकी लावून आतून बघ, केमनिट्सभर कुठूनही दिसणारं ते ३०२ मीटरचं रंगीत धुराडं तुझ्या किचनमधून दिसतं, त्याच्या मागे फटाके छान दिसतात. भविष्य बघायला पूर्वी शिसं वितळवून पाण्यात टाकायचे, २०१८ पासून शिशाला बंदी आहे, आता मेण वापरतात, भविष्य तेवढंच चुकीचं निघतं.

तर तीस तारखेला आमच्याकडे जेवायला यायचं, पाच वाजता, आठला नव्हे. भरीत-भाकरी करणारे, वांगी मी आणून ठेवते. येताना कुठे कोथिंबीर दिसली तर दोन जुड्या घेऊन ये, आमच्या इथल्या दुकानात ख्रिसमसनंतर ती मिळता मिळत नाही.

ताई